मूलपेशींचे नवे शास्त्र आणि धानपट्ट्यातील रोगी

रोगावर उपाय सापडला म्हणजे तो रोग्याच्या दारापर्यंत पोचलाच, असे मानण्याची चूक आपल्याकडे सुशिक्षितांच्या हातूनही वारंवार होत असते. सध्या मूलपेशींविषयी जे बोलले आणि लिहिले जात आहे, त्यात हीच चूक पुन्हा डोकावते आहे. माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी बाहेर काढावयाच्या, त्यांच्या जनुकांत फेरफार करावयाचा आणि त्या पुन्हा शरीरात सोडावयाच्या. म्हणजे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या विषाणूशी झुंजणारी फौज शरीर स्वतःच आयुष्यभर निर्माण करीत राहील, अशी ही कल्पना आहे. कल्पना विलक्षण आहे, आणि ती निव्वळ हवेतलीही नाही. परंतु ती उद्या साकार झाली तरी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर वा मोहाडी तालुक्यातल्या रोग्याच्या पदरात त्यातून काय पडेल, हा प्रश्न एकट्या वैद्यकशास्त्राचा नाही. तो किमतीचा, मालकीचा आणि उत्पादनाचा प्रश्न आहे. म्हणूनच जीवशास्त्रात गती नसलेल्या अर्थशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाने त्यात तोंड घातले तर वाचकांनी ते क्षम्य मानावे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. गोवरासारखा विषाणू शरीरात शिरतो, धुमाकूळ घालतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीकडून मार खाऊन नाहीसा होतो. एचआयव्ही किंवा ‘हिपॅटायटिस बी’ यांचे विषाणू तसे नाहीत. ते मुक्कामाला येतात. एचआयव्ही तर ज्या पेशींनी शरीराचे रक्षण करावयाचे त्यांच्याच जनुकसंचात आपला मजकूर घुसवून देतो आणि स्वस्थ पडून राहतो. औषधाच्या गोळ्यांनी त्याच्या नव्या प्रती निघणे थांबते, दडून बसलेली मूळ प्रत मात्र शाबूत राहते. गोळ्या बंद केल्या की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो. याला जोड मिळते ती दुसऱ्या एका दुर्दैवाची. शत्रू वर्षानुवर्षे समोर राहिला म्हणजे त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशी थकतात. असतात, पण मारीत नाहीत. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले रफी अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, या थकलेल्या पेशींवर ‘पीडी-१’ नावाचा एक लगाम कसलेला असतो आणि तो सैल केला तर त्या पुन्हा कामाला लागतात. दीर्घकाळ चाललेल्या विषाणुसंसर्गाच्या अभ्यासातून निघालेले हे ज्ञान पुढे कर्करोगाच्या उपचारांनाही मोलाचे ठरले.

आता थकलेल्या शिपायाला चाबूक मारण्यापेक्षा ताजे शिपाई सतत भरती होत राहतील अशी व्यवस्थाच का करू नये? मूलपेशींकडे शास्त्रज्ञ वळले ते याच विचाराने. रक्तातील टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखण्याचे नवे इंद्रिय देऊन परत सोडता येते; पण अशा पेशी काही काळाने संपतात किंवा थकतात. तेच इंद्रिय मूलपेशीच्या जनुकांत बसविले तर तिच्यापासून उपजणाऱ्या पेशी ते उपजतच घेऊन येतील. आमच्या भागातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. संकरित बियाणे दरवर्षी दुकानातून विकत आणावे लागते; घरच्या धानातून राखलेले बियाणे कोठीत असले की प्रतिवर्षी बांधीत उतरते. रोजची गोळी हे दुकानचे बियाणे आहे, मूलपेशी हे कोठीतले.

या विचाराला पुरावा काय? पुरावा आहे, परंतु तो जितका उत्साहवर्धक आहे तितकाच सावध करणाराही आहे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमथी रे ब्राउन या अमेरिकन गृहस्थाला एचआयव्ही होता आणि त्यात रक्ताचा कर्करोग झाला. २००७ मध्ये डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी त्याच्यासाठी मुद्दाम असा मूलपेशीदाता शोधला की, ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरण्यासाठी लागणारे ‘सीसीआर-५’ नावाचे दारच जन्मतः नव्हते. ब्राउन एचआयव्हीमुक्त झाला. २०२० मध्ये तो मरण पावला तो कर्करोग उलटल्यामुळे, विषाणूमुळे नव्हे. २०१९ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका रोग्याविषयी तसाच वृत्तान्त रवींद्र गुप्ता यांच्या पथकाने प्रसिद्ध केला. असे रोगी आजही जगात मोजकेच आहेत, आणि ते सारे कर्करोगासाठी जीवघेण्या शस्त्राखालून गेलेले आहेत. शिवाय हे जन्मजात बंद दार उत्तर युरोपातील शंभर माणसांत सुमारे एकाकडे असते. भारतीयांत ते जवळजवळ आढळतच नाही. म्हणजे आपल्याकडे दाता शोधण्याचा मार्ग निसर्गानेच बंद करून ठेवला आहे. आपल्याला ते दार हाताने बंद करावे लागेल, किंवा नवी शस्त्रे हाताने घडवावी लागतील.

ती घडविण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील स्कॉट किचन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मूलपेशींत विषाणू ओळखणारे कृत्रिम इंद्रिय बसवून दाखविले. अशा मूलपेशींपासून उपजलेल्या पेशी माकडांच्या शरीरात दोन वर्षांहून अधिक काळ टिकल्या. २०१९ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी एचआयव्ही आणि रक्ताचा कर्करोग असे दोन्ही असलेल्या एका रोग्याला ‘सीसीआर-५’चे जनुक कापलेल्या मूलपेशी दिल्या. पेशी टिकल्या, अपायही दिसला नाही. पण कापण्याचे काम शेकड्यात थोड्याच पेशींत साधले होते, त्यामुळे विषाणू काही गेला नाही. (त्याच देशात २०१८ मध्ये एका संशोधकाने हेच जनुक मानवी गर्भात बदलण्याचा अघोरी उद्योग केला आणि त्याबद्दल तो तुरुंगात गेला, हेही येथे नोंदवले पाहिजे.) आणि फ्रान्समध्ये या शतकाच्या आरंभी, प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांच्या मूलपेशींत जनुक घालण्याचा प्रयोग यशस्वी झाला म्हणता म्हणता त्यांतील काही बालकांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण घातलेले जनुक नको त्या ठिकाणी जाऊन बसले होते. कोठीतले बियाणे बिघडले तर ते दरवर्षी बिघडलेलेच उगवते.

एकंदरीत मूलपेशींनी विषाणू हटविण्याचे शास्त्र अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे. मग त्याच्या किमतीची चर्चा आत्ताच कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, किंमत ही औषध तयार झाल्यानंतर ठरत नसते. ते कोण, कोठे आणि कोणत्या कायद्याखाली तयार करणार हे ठरते त्याच वेळी ती बहुतांशी ठरून जाते. एचआयव्हीच्या गोळ्यांचाच इतिहास पाहा.

गोळीची स्वस्ताई कोठून आली?

भारतात हा विषाणू प्रथम सापडला १९८६ मध्ये, मद्रास येथे, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाला. पुढील दहा-पंधरा वर्षे आपल्याकडे हे निदान म्हणजे मृत्युलेखच होता. तीन औषधांचे प्रभावी मिश्रण १९९६ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत उपलब्ध झाले, परंतु त्याचा वार्षिक खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे युसुफ हमीद यांनी तेच मिश्रण एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केले, आणि जागतिक औषधबाजाराचा नकाशाच बदलला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. आज देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत, त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. आणि त्यांतील बहुसंख्य सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्यांवर धडधाकट आहेत. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय खरेदीत या गोळ्यांचा भाव माणशी वर्षाला ४५ डॉलरच्याही खाली उतरला.

हे शक्य झाले ते हमीद यांच्या औदार्यामुळे नव्हे (औदार्य होतेच), तर १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी नाकारली, फक्त ती तयार करण्याच्या प्रक्रियेवर दिली. आपल्या रसायनतज्ज्ञांनी वस्तू समोर ठेवून दुसऱ्या वाटेने तीच वस्तू बनविण्याची विद्या आत्मसात केली. २००५ मध्ये कायदा बदलला, तरी त्यातील काही कवाडे उघडी राहिली. २०१२ च्या मार्चमध्ये कर्करोगाच्या एका गोळीसाठी सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांवर आले. गोळीच्या बाबतीत न्यायालय, कायदा आणि रसायनशास्त्र ही तिन्ही शस्त्रे आपल्या हातात होती.

मूलपेशींच्या बाबतीत यांतील पहिली दोन बोथट आहेत, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. गोळीचे रेणुसूत्र कागदावर लिहिता येते. फेरफार केलेली पेशी कागदावर लिहिता येत नाही. येथे वस्तू आणि प्रक्रिया वेगळ्या नाहीतच. प्रत्येक रोग्यासाठी त्याच्याच पेशी घेऊन, निर्जंतुक खोलीत, प्रशिक्षित हातांनी, दर वेळी नव्याने औषध बनवावे लागते. उद्या सरकारने एखाद्या परदेशी कंपनीचे पेटंट बाजूला सारून सक्तीचा परवाना दिला, तरी परवाना हाती घेऊन उभा राहणारा देशी उत्पादक जर ते करणे शिकलेलाच नसेल, तर परवान्याचा तो कागद चौकटीत लावण्यापलीकडे त्याला काय करता येईल? या क्षेत्रात स्वस्ताई कायद्यातून मिळणार नाही. ती हात चालवून, चुकत माकत शिकण्यातूनच मिळेल.

असे शिकता येते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर फेरफार केलेल्या टी-पेशींचा उपचार विकसित केला. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या या ‘नेक्सकार-१९’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे उद्घाटन झाले. अमेरिकेत तीन ते चार कोटी रुपयांना पडणारी ही चिकित्सा येथे ४० लाखांच्या घरात आली. जनुक पेशीत पोचविणारे वाहन बाहेरून विकत न आणता येथेच बनविले, हे त्याचे एक मोठे कारण. १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस सिद्ध केली होती. त्या वारशाचा गौरव आपण अनेकदा करतो; हा त्याचा खरा पुढचा अध्याय म्हणता येईल.

परंतु ४० लाख म्हणजे काय? थोडे गणित करू. ‘सिकल सेल’ या रक्तविकारावर मूलपेशींतील जनुक-संपादनाचा जो पहिला उपचार ब्रिटन व अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्य झाला, त्याची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे डॉलरला ८३ रुपये धरले तर सुमारे १८ कोटी रुपये आहे. एवढी रक्कम सहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला १ कोटी ८ लाख व्याज येईल, आणि एचआयव्हीच्या गोळ्यांचा वर उल्लेखिलेला भाव धरला तर केवळ त्या व्याजातून २,८०० हून अधिक रोग्यांना मुद्दलाला हात न लावता गोळ्या पुरविता येतील. ४० लाखांवर हिशेब केला तरी एका माणसाच्या उपचारात साठाहून अधिक माणसांची कायमची गोळी बसते. उलट बाजूने पाहू. समजा, गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांचा वेळ, रोग्याचा प्रवास आणि बुडालेली मजुरी मिळून एका रोग्यामागे समाजाला वर्षाला १५ हजार रुपये खर्च येतो. याचे भांडवली मूल्य सहा टक्क्यांनी अडीच लाख होते. म्हणजे विषाणूचे समूळ उच्चाटन करणारा एकवेळचा उपचार अडीच लाखांच्या आसपास मिळाला, तरच तो हिशेबाच्या भाषेत गोळीची बरोबरी करील.

हिशेबाची भाषा अपुरी आहे, हे लेखकाला मान्य आहे. रोजची गोळी घरातल्यांपासून लपवून घेणाऱ्या विवाहितेचे भय, लग्न जुळविताना लपवावे लागणारे सत्य, २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी केली असूनही कामाच्या जागी सोसावी लागणारी कुजबूज, यांना त्या १५ हजारांत स्थान नाही. परंतु म्हणून हिशेब टाकून देता येत नाही. तो आपल्याला एवढेच सांगतो की, एचआयव्हीसाठी हे तंत्र आपल्याकडे सर्वांत शेवटी परवडेल, सर्वांत आधी नव्हे. आधी कोठे परवडेल?

विदर्भाचे रक्त

तर येथेच. सिकल सेलचे भारतातील पहिले निरीक्षण १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाले आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याचा आढळ ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. तेव्हापासून आजतागायत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यातील अनुसूचित जाती व आदिवासी समाज हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहात आहेत. धानपट्ट्यातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला, थंडी पडली की हाडे ठणकतात म्हणून आठवडा आठवडा गैरहजर राहणारा विद्यार्थी परिचयाचा असतो. हजेरीपटावर त्याच्यापुढे लाल रेघ ओढताना हातही अडखळतो. हा विकार विषाणूचा नव्हे, जनुकाचा आहे. पण त्याचा उपचार त्याच मूलपेशीत आहे. पेशी काढण्याचे यंत्र तेच, निर्जंतुक खोली तीच, जनुक पोचविण्याचे वाहन आणि प्रशिक्षित हात तेच. अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात: स्थिर खर्च एकदाच होतो आणि तो दोन मालांवर विभागला जातो. सिकल सेलसाठी उभारलेली व्यवस्था उद्या एचआयव्हीसाठी जवळजवळ तयारच असेल.

हे काही लेखकाचे स्वप्नरंजन नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर घालून एक योजना जाहीर केली, ती नेमकी याच दोन रोगांसाठी: सिकल सेल आणि एचआयव्ही. मज्जा बाहेर न काढता, शरीराच्या आतच मूलपेशींत फेरफार करील असे स्वस्त इंजेक्शन शोधणे, हे तिचे ध्येय. असे इंजेक्शन निघाले तर वरचे सारे गणित पालटेल. त्याच्या चाचण्यांसाठी मात्र अमेरिका आणि आफ्रिकेतील देश योजिले गेले; विदर्भ त्यात नव्हता. सुदैवाने दिल्लीच्या ‘सीएसआयआर’ प्रयोगशाळेने सिकल सेलसाठी देशी जनुक-संपादनाचे तंत्र सिद्ध केले असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने ते जाहीर झाले. त्याच्या उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. केंद्राचे सिकल सेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून चालू आहे आणि त्याचे लक्ष्य २०४७ आहे. दिल्लीत तंत्र, पुण्यात कारखाना, मुंबईत अनुभव, आणि रोगी विदर्भात! मग हा उपचार प्रत्यक्ष देणारे सार्वजनिक केंद्र नागपुरातच असावे, ही मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी अद्याप ठणकावून का केली नाही, याचे आश्चर्य वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. ज्या जिल्ह्यात उबेच्या पेटीतील अर्भक सुरक्षित राहू शकले नाही, तेथे जनुक-संपादनाच्या गोष्टी करणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. एक रुपया शिल्लक असेल तर तो आधी विजेच्या तारांवर आणि परिचारिकांच्या जागा भरण्यावर खर्च व्हावा, आणि दुसरा रुपया सिकल सेलच्या रोग्याला हायड्रॉक्सियुरियाची साधी, स्वस्त कॅप्सूल अखंड मिळावी यावर, याबद्दल लेखकाच्या मनात संदेह नाही. परंतु हा आक्षेप घेणारे बहुधा असे गृहीत धरतात की, मोठे तंत्र नाकारले की तो पैसा आपोआप छोट्या सोयींकडे वळतो. तसे घडल्याचा अनुभव निदान पूर्व विदर्भाला नाही. शिवाय ज्या मूलपेशी केंद्रात रोग्याची सारी प्रतिकारशक्ती आठवडेच्या आठवडे शून्यावर आणून ठेवावी लागते, तेथे वीज, हवा, पाणी आणि स्वच्छता यांची शिस्त आपोआपच पाळावी लागते. ती शिस्त शिकलेली माणसे जिल्हा रुग्णालयांतूनच घडवून घेतली, तर दोन्ही कामे एकमेकांना पोषक ठरतील.

राहता राहिला रोग्याच्या स्वतःच्या खिशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. म्हणजे वर काढलेला अडीच लाखांचा आकडा तिच्या आवाक्यात बसतो, ४० लाखांचा बसत नाही. दोहोंतील अंतर काही वर्षे शासनालाच सोसावे लागेल. पण त्याहून बिकट बाब वेगळीच आहे. मूलपेशी बसविण्यापूर्वी जुनी मज्जा जाळून टाकणारे औषध द्यावे लागते आणि त्याने अपत्यप्राप्तीची शक्तीही जाऊ शकते. अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या बापाला हे कोण, कोणत्या भाषेत आणि किती वेळ घेऊन समजावून सांगणार? आणि जनुक चुकीच्या जागी बसले नाही ना, हे पाहण्यासाठी अशा रोग्यांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असा परदेशी नियंत्रकांचा दंडक आहे. लाखांदूरचा मजूर श्रावणात रोवणी आटोपली की कामासाठी नागपूरला, कधी हैदराबादला जातो, कापणीला परततो आणि पुन्हा जातो. शासनाच्या शिधापत्रिकेच्या नोंदीतही तो धड सापडत नाही. त्याला पंधरा वर्षे, वर्षातून एकदा का होईना, शोधून काढणारी यंत्रणा आजमितीस केवळ एकच आहे: गावातील आशा कार्यकर्ती, आणि तिला मिळणारा मोबदला अजूनही मानधन या नावाखाली दिला जातो, वेतन या नावाखाली नव्हे.